चार ग्रॅम

"चार ग्रॅम जास्त," काटेकाका म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात, रंगांचे डाग पडलेल्या लांब टेबलाभोवती, पंधरा-सोळा चांगली कमावती, पोराबाळांची माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांचे डोळे एका खेळण्याच्या खोक्यावर खिळलेले होते. खोकं चपटं, रुंद आणि गडद निळं होतं. वर चित्रात घुमट असलेली वेधशाळा, आणि तिच्या गच्चीवर, पाठीवर नारिंगी शेला फडफडवत, छाती काढून उभा असलेला उल्कावीर. जगाला वाचवायला आता निघतो की मग निघतो, असा त्याचा आविर्भाव.

काटेकाकांनी खोकं उचललं, काटा शून्यावर आणला, खोकं दुसऱ्या बाजूने फिरवून परत ठेवलं. असं ते तीनदा करत. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला. तेराशे अठ्ठ्याऐंशी.

"वहीत तेराशे चौऱ्याऐंशी आहे," ते म्हणाले. "हे खोकं कधीतरी उघडलेलं आहे."

"चार ग्रॅमनी काय होतं हो?" खोकं घेऊन आलेली मुलगी म्हणाली. मुलगी म्हणजे अठ्ठावीस-तीस वर्षांची बाई. बसमध्ये वाहक होती आणि दुपारच्या पाळीला जायचं असल्यामुळे गणवेशातच आली होती. तिकिटांची पिशवी अजून खांद्यालाच होती.

"चार ग्रॅम म्हणजे पुष्कळ झाले, ताई," चष्म्याचं दुकान चालवणारा एक सभासद म्हणाला. "इथे दोन ग्रॅमपर्यंत माफी. त्याच्या पुढे गेलं की आत काहीतरी मागाहून गेलंय, नाहीतर आतलं बाहेर आलंय."

"पण बाबांनी ते उघडलंच नाही. कोणीच उघडलं नाही."

कोणी रंगाच्या डागाकडे पाहिलं, कोणी खिडकीबाहेर. या मंडळाचे अध्यक्ष, भूगोलाचे निवृत्त सर, त्यांनी तर उगाचच वहीची पानं चाळायला घेतली.

हे मंडळ होतं बंद पडलेले जोडणीचे संच जमवणाऱ्यांचं. छोटे छोटे ठोकळे एकमेकांत बसवून कोणी घर करतं, कोणी जहाज. यांना मात्र वेड उल्कावीरासारख्या उडणाऱ्या वीरांच्या 'गगनवीर' मालिकेचं. सोळा वर्षांपूर्वी कंपनीने ही मालिका बंद केली, आणि बंद केली म्हणूनच या लोकांच्या आयुष्यात ती सुरू झाली. त्यातही मान न उघडलेल्या खोक्याला. असं खोकं हाती लागलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी ते इथे आणायचं, काटेकाकांनी ते तोलायचं, चिकटपट्ट्या भिंगातून बघायच्या, आणि सगळं बरोबर असेल तर मोठ्या वहीत 'अखंड' अशी नोंद करून खाली सही करायची. त्या सहीला मंडळात कोर्टाच्या शिक्क्याइतकी किंमत होती.

आणि ती का नसावी? काटेकाकांचा धंदाच तो. गेली पस्तीस वर्षं ते दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत होते. किराणावाला, भाजीवाला, सोनार, औषधवाला, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जात. पितळी वजनं ते कधी बोटांनी उचलत नसत, चिमट्यानेच उचलत. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं ते म्हणत, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर परत म्हणत.

"ताई," ते आता जमेल तितक्या मऊपणे म्हणाले, "मी माणसाबद्दल बोलत नाहीये. मी खोक्याबद्दल बोलतोय."

"तुमच्यासाठी ते वेगळं असेल, काका," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही."

या बोलण्यामागे काय होतं ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील पोस्टमन. मंडळ नवीन होतं तेव्हा तेही यायचे, सायकल खाली लावून, घाम पुसत. त्यांच्याजवळ मालिकेतले दोन-तीन साधे संच होते, पण गप्पा निघाल्या की ते हळूच म्हणत, "उल्कावीराची वेधशाळा आहे आमच्याकडे. न उघडलेली." वेधशाळा हा मालिकेतला शेवटचा संच, सहाशे बारा नगांचा. जेमतेम तीन महिने दुकानात होता. सबंध मंडळात तो फक्त काटेकाकांकडे होता. "मग आणा की एकदा," असं कोणी म्हटलं की पोस्टमन म्हणत, "माझी नाही हो, मुलीची आहे. तिला विचारल्याशिवाय कशी आणू?" एकदा झालं, दोनदा झालं. पुढे पुढे लोक डोळे मिचकावू लागले. कोणी थाप मारली की "याचीही वेधशाळा मुलीची आहे" असं म्हणायची पद्धतच पडली. पोस्टमनच्या कानावर ते गेलं असावं. त्यांनी यायचं सोडलं. गेल्या वर्षी ते वारले.

"मी बारा वर्षांची झाले तेव्हा त्यांनी आणलं होतं," मुलगी म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती शब्द मोजून बोलत होती. "मी म्हटलं, मी काय आता लहान आहे का? मला नको खेळणी. त्यांनी काही न बोलता ते माळ्यावर ठेवून दिलं. त्यानंतर ते खाली आलं ते गेल्या महिन्यात, मी काढलं तेव्हा. मला ते विकायचं नाही, काही नाही. त्या वहीत बाबांचं नाव लागावं, एवढंच होतं."

सर खाकरले. "नियम आहे, बाळ. आमच्याही हातात काही नाही."

तिने खोकं वडिलांच्या जुन्या टपालाच्या पिशवीत घातलं, पिशवीचा पट्टा लावला, आणि कोणालाही वाईट न बोलता ती निघून गेली. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं, असं काटेकाकांना जिन्यावरची तिची पावलं ऐकताना वाटलं.

घरी काटेकाकांची एक अख्खी भिंत खोक्यांनी भरलेली होती. एकेचाळीस संच, एकही न उघडलेला. नातेवाइकांना हा मोठाच करमणुकीचा विषय. "खेळणी घेऊन न खेळणारा जगातला एकमेव माणूस," असं त्यांचा मेहुणा येईल त्याला सांगे. काकू धूळ पुसताना म्हणत, "अहो, या सगळ्यांनी जग वाचवायचं ना? मग यांना कोण वाचवतंय बघा, मी आणि माझं फडकं."

काटेकाका हसून सोडून देत. का जमवतो, हे त्यांना कधी नीट सांगता आलं नव्हतं. त्यांच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट बिघडलेली असे. कोणाचा काटा दहा ग्रॅम खातोय, कोणाचा अडकतोय, कोणी मुद्दाम बिघडवलाय आणि वर शपथा घेतोय. दिवसभर असल्या काट्यांशी झुंजून घरी यावं आणि समोर एक खोकं असावं, ज्यात जितकं असायला हवं तितकंच आहे. त्यांना ते बघून बरं वाटे, आणि एवढं कारण त्यांना पुरत होतं.

या भिंतीच्या मधोमध वेधशाळा. चार वर्षं शोधून ती मिळाली होती, अकरा वर्षांपूर्वी, त्यांची आई जायच्या काही महिने आधी. आईच्या डोक्यातून तेव्हा एकेक गोष्ट निसटून चालली होती. दिवसभर ती भिंतीसमोरच्या खुर्चीत बसे आणि खोक्यांवरची चित्रं बघे. शेवटच्या वर्षात तिने मुलाला ओळखणंही सोडलं. संध्याकाळी काटेकाका कामावरून आले की ती पदर सावरून, परक्या माणसाशी बोलावं तशी विचारे, "आपण कोण?" ते म्हणत, "मी काटे दुरुस्त करतो." यावर ती म्हणे, "आमच्याकडे काटा नाही." काकू हसत, मग काटेकाकाही हसत, आणि मग हात-पाय धुवायला जाऊन जरा जास्तच वेळ लावत.

ती गेली ती एका दुपारी, ते बाजारात काटे तपासत असताना. धावत घरी आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर राहिली ती आईची उजवी मूठ. बाकी चेहरा, अंग सगळं सैल, शांत. मूठ मात्र घट्ट आवळलेली, नखं पांढरी पडेपर्यंत. घरी येणारी नर्स ती सोडवायला गेली तर काकूच म्हणाल्या, "राहू द्या. राहू द्या तशीच." तशीच मूठ मिटलेली घेऊन आई गेली. किती दुखलं असेल, म्हणजे माणूस अशी मूठ आवळतं? आणि आपण तेव्हा कोणाचा काटा बघत होतो? गेली अकरा वर्षं ते हे कोणाला विचारू शकले नव्हते. झोप येत नसे तेव्हा ती मूठ त्यांच्यासमोर येई.

त्या रविवारी जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही.

"काय झालंय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. पोस्टमनची मुलगी आली होती. वेधशाळा घेऊन."

काकूंचा हात ताटावरच थांबला. "होती म्हणजे? खरंच होती त्यांच्याकडे?"

"होती. पण उघडलेली. चार ग्रॅमचा फरक." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "चिकटपट्टी बघशील तर नवी करकरीत. भिंगातून इंच न् इंच बघितलं मी, कुठे डाग नाही, सुरकुती नाही. अशी पट्टी उघडून परत लावताच येत नाही. पण काटा चार ग्रॅम जास्त दाखवतोय. काटा कसा खोटा म्हणू?"

काकूंना स्वयंपाकघरातलं काम आठवलं. वेधशाळेचा विषय निघाला की त्यांना ते नेहमीच आठवत असे.

काटेकाका उठून खोलीत गेले. पस्तीस वर्षांची सवय अशी, की फरक आला म्हणजे आधी विचारायचं, एवढं वजन कशाचं असतं? कपाटावर एक सुटा उल्कावीर उभा होता. कुठल्याशा फुटक्या संचातला. सरांनी गमतीने दिलेला. त्यांनी घरचा लहान काटा काढला, त्याची पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला, उल्कावीराला चिमट्याने कमरेत धरून पारड्यात उभं केलं. शेल्यासकट. चार ग्रॅम.

म्हणजे मुलीच्या खोक्यात एक उल्कावीर जास्त होता. त्यांना एकदम हायसं वाटलं. कारखान्यात चुकून दोन पडले असतील! माणसाचीच चूक, होते कधी कधी. मग पोस्टमन खरे, मुलगी खरी आणि काटाही खरा. ते खुशीत उठलेसुद्धा. पण अर्ध्या वाटेत पाय अडखळले. धंद्यातला दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता, आणि तो ते प्रत्येक नव्या कारागिराला घोकून घ्यायला लावत. दोन वजनं जुळत नसली, तर जड तेच चुकीचं कशावरून?

वहीतला तेराशे चौऱ्याऐंशी हा आकडा आला कुठून? त्यांच्याच खोक्यावरून. दुसरं नव्हतंच, म्हणून तेच प्रमाण. आणि ते तोललं होतं कधी? आणल्यावर नाही. आई गेल्यानंतर, वर्षभराने, मंडळ निघालं तेव्हा.

त्यांनी भिंतीतून वेधशाळा काढली. दहा वर्षं लोकांच्या खोक्यांवर भिंग धरणाऱ्या माणसाने स्वतःच्या खोक्यावर ते कधी धरलं नव्हतं. आता धरलं. वरची पट्टी ठीक, बाजूची ठीक. खोकं उलटं केलं. खालच्या बाजूला एका पट्टीवर दुसरी पट्टी, अगदी काठाला काठ जुळवून, घरच्या कात्रीने सरळ कापलेली.

"मी लावली ती," दारातून काकू म्हणाल्या.

हात पुसायचा ओला टॉवेल तसाच हातात घेऊन त्या खुर्चीत बसल्या, आईच्याच खुर्चीत.

"आणल्यावर पंधरा दिवसांनी झालं हे. तुम्ही कामावर. मी कपडे वाळत घालून आले, तर आईंनी खोकं मांडीवर घेतलेलं. खालून फाडलेलं. एका पिशवीचा कोपरा दाताने तोडला होता, आणि आतला, असाच," त्यांनी कपाटावरच्या उल्कावीराकडे बोट दाखवलं, "उल्कावीर हातात. मी घ्यायला गेले तर देईनात. म्हणाल्या, पडेल. टॉवेल बांधून उडी मारतो, हात मोडून घेईल."

काटेकाकांचा हात आपसूक डाव्या कोपराकडे गेला. तो कोपर अजून पूर्ण सरळ होत नसे. सातव्या वर्षी नारिंगी टॉवेल खांद्याला बांधून ते टेबलावरून उडाले होते.

"त्यांना वाटलं ते तुम्हीच," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी दारात उभा असायचा तो कोण माणूस, ते कळायचं नाही त्यांना. पण मुलगा कोण ते बरोबर कळत होतं. दिवसभर मुठीत घेऊन बसायच्या. तुमची चाहूल लागली की उशीखाली घालायच्या, काटेवाला उचलून नेईल म्हणून. त्या दुपारीही तोच होता हातात. मी जवळ होते. त्रास काही नाही झाला हो. झोपल्यासारख्या गेल्या, नुसती मूठ तेवढी सोडली नाही. नर्स उघडायला लागली तेव्हा मला वाटलं, असू दे त्यांच्याजवळ."

काटेकाका खाली जमिनीवर बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"केव्हा सांगणार? आधी म्हटलं, इतक्या हौसेने आणलंय, जरा दिवस जाऊ देत. मग त्या गेल्या. गेलेल्या माणसाबद्दल काय सांगू, तुमचं खेळणं फाडलं म्हणून? आणि नंतर तुम्ही ते तोललंत, वहीत लिहिलंत, लोकांना सांगत सुटलात. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. आणि दर वेळी ते आणखी अवघड झालेलं असायचं. पण त्या पोस्टमनना आता खोटं ठरवू नका. ते नव्हते खोटं बोलत."

काकूंना वाटलं होतं ते रागावतील. किमान गप्प बसून राहतील, आठ-पंधरा दिवस. काटेकाका रडत होते, पण ते रडणं काही वेगळंच होतं. एवढा थोराड माणूस, आणि तोंडावर हसू, गालांवरून पाणी.

"म्हणजे दुखत नव्हतं तिला," ते म्हणाले. "धरून ठेवलं होतं."

"हो."

"मला धरून ठेवलं होतं."

"हो हो. आणि काय सांगतेय मी मघापासून?"

अकरा वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून बाजूला ठेवावं तसा त्यांचा श्वास मोकळा झाला. त्यांनी काकूंच्या हातातला ओला टॉवेल घेऊन तोंड पुसलं, परत डोळे भरले, परत पुसलं. मग बराच वेळ दोघं त्या फाटक्या वेधशाळेच्या दोन बाजूंना बसून राहिली. काकूंना आपल्यालाही किती हलकं वाटतंय हे चहा टाकायला उठल्यावर कळलं, कारण त्या चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काटेकाका बसस्थानकावर गेले आणि चौकशी करत करत तिच्या बसमध्ये चढले. बस सुटायची होती.

"कुठे जायचंय?" तिने विचारलं, आणि मग ओळखलं. तिचा चेहरा कोरा झाला.

"कुठेच नाही, ताई. चूक झाली ते सांगायला आलोय. तुमचं खोकं बरोबर आहे. माझं कमी आहे."

तिने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मागे माणसं चढत होती, एक बाई पिशव्या घेऊन दोघांच्या मधून गेली.

"बसलात तर तिकीट घ्यावं लागेल," ती म्हणाली.

"द्या की."

ते शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. वाटेत गर्दी कमी झाली तशी ती येऊन पुढच्या बाकावर टेकली, आणि त्यांनी तिला मुठीपासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. थांबा आला तेव्हा म्हणाली, "बाबांना हे आवडलं असतं. म्हणजे, तुमच्या आईंचं."

"पुढच्या रविवारी... नव्हे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी याल? जे सगळ्यांसमोर बोललो ते सगळ्यांसमोर मागे घ्यायला हवं."

"पाळी बदलून घेते," ती म्हणाली.

महिन्याने चित्रकलेच्या वर्गात कधी नव्हे एवढी गर्दी झाली. काटेकाकूही आल्या होत्या, पहिल्यांदाच, आणि सगळे त्यांना बसायला स्टूल पुढे करत होते. काटेकाकांनी वेधशाळा टेबलावर ठेवली, सगळ्यांना खालची पट्टी दाखवली, आणि कोणाच्या काही लक्षात यायच्या आत कात्रीने ती सरळ कापली.

चष्मेवाला "अहो!" म्हणून ओरडलाच. दोघांनी तोंडावर हात घेतले. मंडळाच्या इतिहासात या टेबलावर खोकं कोणी उघडलं नव्हतं.

आतून चार पिशव्या निघाल्या. तीन जशाच्या तशा, चौथीचा कोपरा फाटलेला आणि पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला. "गाठ माझी," काकू म्हणाल्या. मग खोक्यातल्या जोडणीच्या पुस्तिकेचं शेवटचं, नगांच्या यादीचं पान उघडून सगळ्यांनी नग मोजायला घेतले. अर्धा तास लागला. सरांनी चार वेळा चूक केली आणि चारही वेळा दुसऱ्यावर ढकलली. सहाशे अकरा नग निघाले. उल्कावीर नव्हता.

काटेकाकांनी वही ओढली. स्वतःच्या नोंदीवर रूळ धरून एक रेघ मारली, खाली सही केली. नव्या ओळीवर पोस्टमनचं पूर्ण नाव लिहिलं, वजन तेराशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं, 'अखंड' लिहिलं, आणि वही मुलीकडे फिरवली.

"यावर आता वजनं जुळवायची," ते सगळ्यांना म्हणाले. "प्रमाण हे. आणि पोस्टमन खरं सांगत होते. आपण हसलो. मीही हसलो होतो."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. मुलीने वहीतल्या वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि ते अक्षर अक्षर करत पुढे नेलं, तिकीट तपासताना नेते तसं. मग तिने एक मोठा श्वास सोडला आणि खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी बसली.

"बरं, आता याचं काय लिहू?" सरांनी टेबलावर पसरलेल्या सहाशे अकरा नगांकडे बघत विचारलं. "काटेकाका, तो सुटा उल्कावीर आहे ना तुमच्याकडे, मी दिलेला? तो घाला यात. संच पुरा होईल."

"नको," काटेकाका म्हणाले. "घरी जाऊन आम्ही दोघं बांधणार आहोत ही. गच्चीवर त्याची जागा मोकळी असू दे."

"पण वहीत काहीतरी लिहायला हवं ना. 'एक नग गहाळ' लिहू?"

"गहाळ नाही, सर. कुठे आहे ते माहीत आहे."

सरांनी लेखणी वर धरली आणि वाट पाहिली. "मग कुठे आहे लिहू?"

"आईकडे," काटेकाका म्हणाले.

सरांनी तसं लिहिलं. काटेकाकांनी रुमालाने पारडं पुसलं, काटा शून्यावर आणला आणि हात पुढे केला. "पुढचं खोकं कोणाचं?"